एकांताचा ग्रुप

अमेरिकेतलं मराठी बाळंतपण दोन पाळ्यांत चालतं. पहिली पाळी मुलीच्या आईची, दुसरी मुलाच्या आईची. एक परतीच्या बॅगा भरते तेव्हा दुसरी विमानातून उतरते, आणि दोघींचे महिने मिळून बाळ पाळणाघरात जायच्या वयाचं होतं. व्यवस्था उत्तम आहे. घोळ होतो तो पाळी बदलताना, कारण स्वस्त तिकिटं कुणाच्या सोयीने मिळत नाहीत. मग काही दिवस दोन्ही आज्या एकाच ओट्यापाशी उभ्या राहतात. माझ्या मुलीकडे, सॉल्ट लेक सिटीत, हेच झालं. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर पाच मिनिटांत दोघी मोकळ्या झालो असतो. आम्ही पराकोटीच्या सौजन्याने वागत होतो. "फोडणी तुम्ही करा." "छे छे, तुमच्या हातची सगळ्यांना आवडते." "अहो, पण रोज तुम्हीच का?" एवढं होईपर्यंत तेलाचा धूर व्हायचा, छताला लावलेला भोंगा कोकलायला लागायचा आणि बाळ उठायचं.

तोडगा जावयाने काढला. "आई, तुम्हाला डोंगरदऱ्या आवडतात ना? कॅन्यनलँड्सला जाऊन या. चार तासांचा रस्ता आहे. माझी गाडी न्या." त्याला आणि मुलीला तान्ह्या बाळाला घेऊन येणं शक्य नव्हतं. विहीणबाईंची झोप अजून कराडच्या वेळेवर होती. म्हणजे जायचं मी एकटीने.

गाडी चालवायची मला भीती नाही. बँकेच्या नोकरीत मेढा, पाटण, वडूज अशा शाखांना मी स्वतः गाडी हाकत गेले आहे. पावसात, धुक्यात, पुढे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असताना. अमेरिकेतल्या रस्त्यावर समोरून कुणी अंगावर येत नाही, त्यामुळे थोडं चुकल्या-चुकल्यासारखं होतं एवढंच. प्रश्न रस्त्याचा नव्हता, नातेवाइकांचा होता. मुलीने बातमी फोडली आणि साताऱ्यापासून इचलकरंजीपर्यंत एकच प्रश्न उठला: "एकटीच?" पुण्याच्या भाचीने विचारलं, तिथे अस्वलं असतात का. इचलकरंजीच्या नणंदेने आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, खरं सांगा, विहिणींशी काही झालंय का?" आमच्या ह्यांनी साताऱ्याहून फक्त "टायर बघून घे" म्हटलं. त्यांच्या बोलण्यात त्याला काळजी म्हणतात.

जावई मात्र शास्त्रशुद्ध माणूस. निघायच्या आदल्या रात्री त्याने आम्हा सगळ्यांना बसवून '१२७ अवर्स' हा सिनेमा दाखवला. "ए. आर. रहमानचं संगीत आहे," असं सांगून विहीणबाईंनाही बसवलं. संगीत आहे, पण सिनेमात दुसरंही काही आहे. २००३ सालच्या एप्रिलमधली खरी गोष्ट. ॲरन रॅल्स्टन नावाचा तरणाबांड गिर्यारोहक एकटाच ब्लूजॉन कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत उतरला. साडेतीनशे किलोंहून जड शिळा निसटली आणि त्याचा उजवा हात तिच्यात आणि भिंतीत अडकला. पाच दिवस तो तिथे उभा होता. शेवटी बोथट सुरीने स्वतःचा हात कापून तो सुटला, दोराने वीसेक मीटर खाली उतरला आणि चालत निघाला. ती वाट कॅन्यनलँड्सच्या हॉर्सशू कॅन्यनमध्ये येते. तिथे त्याला फिरायला आलेलं एक डच कुटुंब भेटलं. त्यांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, आणि पुढे शोधाला निघालेल्या हेलिकॉप्टरने त्याला उचललं.

सुरी बाहेर निघाली तेव्हा विहीणबाई बाळाचे कपडे घड्या करायला आत गेल्या. संपल्यावर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पण घरी सांगून का नाही गेला?"

साऱ्या प्रकरणातली हीच मेख आहे. रॅल्स्टनने आपण कुठे जातोय हे कुणालाही सांगितलं नव्हतं. तो कामावर आला नाही तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, आणि मग त्याच्या आईने फोनामागून फोन करून शोधाला जोर लावला. मी तो प्रसंग बघताना हाताचा विचार करत नव्हते. कुणालाही न सांगता घरातून बाहेर पडणं एखाद्याला जमतं कसं, याचंच मला नवल वाटत होतं. आमच्याकडे कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालं तरी तीन जणांना कळतं आणि त्यातला एक लिंबंही आणायला सांगतो.

जावयाने लगोलग व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. नाव 'आईंची ट्रिप'. त्यात घरचे, दारचे, दोन्हीकडचे व्याही असे सगळे घेतले. आणि नानाभावजींना घेतलं, तिथे माझ्या एकांताचा प्रश्न निकालात निघाला. नाना म्हणजे माझे धाकटे दीर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सांगलीत असतात. परदेश त्यांनी पाहिलेला नाही, पण उपग्रहाच्या नकाशावर त्यांना जग पाठ आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांचा मेसेज आला: "वहिनी, राज्य मार्ग ३१३ ला वळण उजवीकडे आहे. चुकू नये."

सॉल्ट लेकहून दक्षिणेला निघालं की स्पॅनिश फोर्कपाशी महामार्ग सोडून अमेरिका ६ नंबरचा रस्ता धरायचा. हा घाटरस्ता. सोल्जर समिट नावाच्या खिंडीत तो जवळपास २,२८० मीटरवर जातो आणि पलीकडे उतरला की एक गाव लागतं, त्याचं नाव हेल्पर. खिंड चढणाऱ्या मालगाड्यांना जोडायची जादा इंजिनं इथे उभी असायची, त्यांच्यावरून हे नाव. कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिनं लागतात आणि मग खंडाळ्याचा घाट चढतो, हे लहानपणापासून खिडकीतून पाहिलेलं. इतक्या लांब येऊन तीच पद्धत बघून बरं वाटलं. इंजिनसुद्धा घाट एकटं चढत नाही. मी हे ग्रुपवर टाकलं. नानांनी अंगठा दाखवला आणि घाटाचा चढ किती टक्के आहे ते विचारलं.

प्राइस गावापुढे झाडं संपतात. डाव्या हाताला बुक क्लिफ्स नावाच्या करड्या कड्यांची रांग सुरू होते आणि ग्रीन रिव्हर गावापर्यंत सोडत नाही. कड्यांची ही भिंत पुढे पार कोलोरॅडो राज्यात जाते. ग्रीन रिव्हर हे कलिंगड-खरबुजांचं गाव. वाळवंटात नदीकाठी गोड फळ पिकतं हे कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी एक खरबूज घेतलं. एकट्या बाईने केवढं खरबूज घ्यावं याचा अंदाज मात्र मला आयुष्यात कधी घ्यावा लागला नव्हता, त्यामुळे पाच माणसांच्या सवयीने घेतलं आणि पुढचे सगळे दिवस नाश्त्याला, जेवणाला आणि पश्चात्तापाला तेच खाल्लं.

मुक्काम मोॲबला. पाचेक हजार वस्तीचं गाव, चहूबाजूंनी तांबडे कडे. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भशास्त्रज्ञाला या गावाच्या दक्षिणेला युरेनियम सापडलं. तोवर सरकारी तज्ज्ञ त्याला वेड्यात काढत होते. मग अणुबाँबच्या त्या काळात सारा मुलूख खोऱ्या-फावड्यांनी भरून गेला. स्टीनने टेकडीवर बंगला बांधला आणि ज्या फाटक्या बुटांनी रानोमाळ हिंडला त्यांच्यावर ब्राँझ चढवून घेतलं. पुढे त्याचं दिवाळं वाजलं. बँकेत कर्जखातं सांभाळल्यामुळे मला असल्या माणसांबद्दल आपुलकी वाटते. बुटांवर ब्राँझ चढवणारा ग्राहक आला की आम्ही तारण दुप्पट मागायचो.

या गावात जेवायला गेलं की दारातली मुलगी विचारते, "किती जण?" एक, म्हटलं की ती माझ्या मागे बघायची. मी म्हणायची, कुणी नाही. ती म्हणायची, "फक्त तुम्हीच?" हा प्रश्न मी सातारा सोडून इतक्या लांब टाकून आले होते. फरक एवढाच की इचलकरंजीत त्याच्यामागे कुतूहल होतं आणि इथे टेबलाचा हिशेब. मला दर वेळी स्वच्छतागृहाजवळचं टेबल मिळालं.

आता प्रत्यक्ष कॅन्यनलँड्स. प्रवेश शुल्क गाडीमागे ३० डॉलर. माणसामागे नाही, गाडीमागे. गाडीत एक माणूस असो की पाच, तीसच. फाटकावरच्या रेंजरला मी दोनदा विचारून खात्री केली. वरून मी सवलतीत बसत नव्हते, ती तिथल्या ज्येष्ठ नागरिकांना. मागच्या गाडीत सहा जण कोंबून बसले होते, सगळे खुशीत. माणशी पाच डॉलर. एकटेपणाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या थोर लोकांनी ही बाजू कुठेच मांडलेली दिसत नाही.

या उद्यानाचे तीन मोठे तुकडे आहेत आणि त्यांच्यामधून दोन नद्या वाहतात, कोलोरॅडो आणि ग्रीन. उद्यानाच्या हद्दीत दोन्हींवर एकही पूल नाही. 'आयलंड इन द स्काय' नावाच्या पठारावर उभं राहिलं की पलीकडे 'नीडल्स'चे सुळके स्वच्छ दिसतात. हात लांब केला तर लागतील असं वाटतं. गाडीने जायचं तर पुन्हा खाली उतरून, मोॲब ओलांडून, वळसा घालून दोन तास. तिसरा तुकडा 'मेझ', तिथे जायला त्याहून जास्त, आणि शेवटचा रस्ता जीपवाल्यांचाच. उद्यानात खायला मिळत नाही, राहायला हॉटेल नाही, पेट्रोल नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी बाळगा, असं सांगतात. वर्षाचा पाऊस सरासरी २३० मिलिमीटरच्या आसपास. एवढा पाऊस महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशी सकाळ-संध्याकाळ धरून पडतो आणि कुणी छत्री उघडण्यापलीकडे काही करत नाही.

ग्रँड व्ह्यू पॉइंटला मी उभी राहिले तेव्हा पहिली प्रतिक्रिया खरं सांगायचं तर हिशेबाची होती: हे सगळं खोदलेलं कुठे गेलं? समोर जमीन साडेतीनशे मीटर खाली कोसळते. तिथे पांढऱ्या वालुकाश्माची एक सपाट ओटी आहे, व्हाइट रिम. त्या ओटीला पुन्हा खाली भेगा पडल्या आहेत, त्यांच्या तळाशी आणखी तीनशे मीटर खाली नद्या. म्हणजे दरीच्या पोटात दरी. हवा स्वच्छ असेल तर १६० किलोमीटरपर्यंतचं दिसतं. आणि ज्या दोन नद्यांनी हा सगळा उद्योग केला त्या या कड्यावरून दिसतच नाहीत. एवढं काम करून नाव न लावणारे कर्मचारी मी फक्त जुन्या पिढीत पाहिले.

आपला सह्याद्री लाव्हाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला आणि काळाकभिन्न झाला. इथे दगड म्हणजे वाळू, चिखल, जुन्या समुद्रांचा गाळ, आणि सगळ्यांच्या खाली सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ. वरच्या ओझ्याने हे मीठ लोण्यासारखं सरकतं आणि वरचा दगड तडकतो. नीडल्सचे सुळके त्याच तडकण्यातून पुढे आले. मग सगळं पठारच वर उचललं गेलं आणि नद्या आपल्या जागी खाली कापत राहिल्या. आपल्याकडे असं असतं तर प्रत्येक सुळक्याला एक पांडव मिळाला असता आणि व्हाइट रिमवर भीमाने भात सांडला असता. इथल्या जुन्या रहिवाशांच्याही कथा असणार, पण फलकांवर सगळं लाखांत आणि कोटींत.

त्या ओटीवरून दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा एक कच्चा रस्ता फिरतो. तो युरेनियमच्या शोधासाठी १९५० च्या दशकात केलेला. युरेनियम फारसं निघालं नाही, रस्ता राहिला. त्याच्यावर उतरणारा शेफर ट्रेल कड्याच्या भिंतीवरून हेलकावे खात जातो. आधी ती मूळ रहिवाशांची वाट, मग शेफर कुटुंबाची गुरं उतरवायची वाट, मग ट्रकची. मी वरून बघत होते. एक ट्रक-टेम्पो असता तर वळणावर 'हॉर्न ओके प्लीज' शोभलं असतं. जावयाने त्या वाटेवर गाडी घालायला मनाई केली होती, आणि नानांनी वळणांच्या त्रिज्या काढून त्याला दुजोरा दिला होता.

इथे जमिनीवरसुद्धा पाय ठेवू देत नाहीत. पायवाट सोडून बाजूला काळपट, ढेकळांसारखी दिसणारी माती असते. ती जिवंत असते. नीलहरित जिवाणू, शेवाळ, दगडफूल असे सगळे मिळून वाळूचे कण विणून धरतात. एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षंच्या वर्षं जातात. त्याच्याही पुढची गोष्ट खडकातल्या खड्ड्यांची. पाऊस पडला की या खड्ड्यांत पाणी साठतं आणि त्यात इवली कोळंबीसारखी जनावरं वळवळू लागतात. पाणी आटलं की त्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरड्यात पडून राहतात आणि पुढच्या पावसाची वाट बघतात. म्हणून खड्ड्यात हात घालू नये, पाय बुडवू नये, खड्ड्याला त्रास देऊ नये. रेंजरबाईने हे इतक्या कळकळीने सांगितलं की मला भरून आलं. पुणे-सातारा रस्त्यावर आमच्या यंत्रणेने हेच तत्त्व किती निष्ठेने पाळलं आहे, आणि आम्ही अडाणी लोक तिला नावं ठेवत होतो.

तिनेच एक जुनिपरचं झाड दाखवलं. अर्धं वाळकं, अर्धं हिरवं. दुष्काळ पडला की हे झाड एखाद्या फांदीचं पाणी तोडतं आणि उरलेलं जगवतं. "हुशार झाड आहे," ती म्हणाली. मी मान डोलावली. आमच्या सासरच्या वाटणीत नेमकं हेच झालं, फक्त वाळलेली फांदी कुठली यावर दिवाणी दावा अजून चालू आहे.

एकांत शोधायला येणारे लोक खरे भेटतात ते मेसा आर्चला, पहाटे. पठाराच्या अगदी काठावर दगडाची एक ठेंगणी कमान आहे. सूर्य पलीकडून उगवला की खालच्या कड्यावर आपटलेला प्रकाश कमानीच्या पोटाला लागतो आणि ती आतून नारिंगी पेटते. हे दृश्य इतकं प्रसिद्ध की अंधारातच गाडीतळ भरतो. मी बॅटरी घेऊन पोहोचले तर कमानीसमोर तिपायांची रांग, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात. बहुतेक सगळे एकेकटे आलेले. कुणी जपानहून, कुणी जर्मनीहून, कुणी टेक्सासहून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण सगळे एकांत अनुभवत होते. मला उभं राहायला जागा नव्हती. मी आपली एसटीत करतात तसं "जरा सरकता का?" असं खुणेने विचारलं. जर्मन माणूस सरकला. टेक्सासचा सरकला नाही, पण त्याने मला खाली बसायला सांगितलं. सूर्य उगवला, कमान पेटली, आणि तीसेक कॅमेऱ्यांचा एकदम कडकडाट झाला. काढलेल्या प्रत्येक फोटोत त्या जागी चिटपाखरूही नाही.

वाळवंटातल्या एकांताची पोथी म्हणावी असं पुस्तक या भागात लिहिलं गेलं आहे. एडवर्ड ॲबी १९५६ आणि १९५७ साली शेजारच्या आर्चेस उद्यानात हंगामी रेंजर होता. १९६८ साली त्याचं 'डेझर्ट सॉलिटेअर' आलं. मोटारी आणि मोटारीतून येणारे पर्यटक यांच्यावर त्याने कडाडून टीका केली आहे. त्याचे चरित्रकार सांगतात की त्यातल्या काही काळात त्याची बायको आणि तान्हा मुलगा तिथे त्याच्याबरोबरच होते, पुस्तकात तेवढे येत नाहीत. मला त्या बाईबद्दल विचारावंसं वाटतं. वाळवंटात तान्हं मूल, आणि नवरा दगडावर बसून एकांतावर चिंतन करतोय. तिची दुसरी पाळी घ्यायला कोण आलं होतं?

त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, जॉन वेस्ली पॉवेल होड्या घेऊन याच नद्यांतून गेला. उजवा हात त्याने यादवी युद्धात गमावलेला. या खोऱ्याच्या इतिहासातली दोन सर्वांत गाजलेली माणसं, पॉवेल आणि रॅल्स्टन, दोघांचा उजवाच हात नाही. पॉवेल मात्र दहा जणांचं बिऱ्हाड घेऊन निघाला होता. विहीणबाईंच्या कसोटीला तो उतरतो.

आता ग्रुपची हकिकत. ३१३ च्या रस्त्यावर पठार चढलं की फोनची पट्टी एक-एक करून विझते. हे जावयाने सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, ठळक अक्षरांत. त्यानंतर दुपारभर मी कड्यांवर हिंडत होते. संध्याकाळी मोॲबच्या वाटेवर उतरताना सिग्नल आला आणि फोन शेजारच्या सीटवर थरथरत खाली पडला. मी गाडी कडेला घेऊन ग्रुप पहिल्यापासून वाचला.

सुरुवात साधी होती. मुलगी: "आई, पोहोचलीस का?" पंधरा मिनिटांनी तीच: "आई?" मग नणंद: "काय झालं?" जावई: "काही झालं नाही, तिथे रेंज नसते." नणंद: "मग बोलत का नाहीत?" पुण्याच्या भाचीने उद्यानाच्या कार्यालयाचा फोन नंबर शोधून टाकला. इचलकरंजीहून सांगलीच्या गणपतीला नारळ बोलला गेला. बोलली नणंद, फोडायचा नानांनी. ग्रुपमधला एक मावसभाऊ कधीच काही वाचत नाही, त्याने मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात टाकली. आमच्या ह्यांनी विचारलं, "टायर बघितले होते का?" भारतात तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. नाना जागे होते. त्यांनी पठाराचा उपग्रह नकाशा उघडून सगळे गाडीतळ मोजले, माझा वेग धरला, खरबूज खायला लागणारा वेळ धरला, आणि "वहिनी या क्षणी ग्रीन रिव्हर ओव्हरलुकला असाव्यात" असा निष्कर्ष काढला. मी खरोखर तिथेच होते. रॅल्स्टनच्या शोधाला हे खातं मिळालं असतं तर सिनेमा वीस मिनिटांत आटोपला असता आणि रहमानला एकही गाणं मिळालं नसतं.

सगळ्यांत शेवटी विहीणबाईंचा मेसेज होता: "त्या बघण्यात रमल्या असतील. जरा सोडा त्यांना." मी तो दोनदा वाचला. मग बारकाईने पाहिलं तर त्याच्यासोबत त्यांनी केलेल्या वरणफळांचा फोटो होता. स्वयंपाकघर एकहाती ताब्यात आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचं समाधान वरणफळांवरसुद्धा दिसतं.

मी सुखरूप असल्याचं कळवलं. नानांनी लगेच विचारलं, "संगम बघितला का?" कोलोरॅडो आणि ग्रीन मिळतात ती जागा. ती बघायची तर नीडल्सच्या बाजूने जाऊन-येऊन सोळा किलोमीटर चालावं लागतं, ते माझ्या गुडघ्यांनी नाकारलं होतं. तसं सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी उपग्रहाच्या नकाशाचा फोटो पाठवला. संगमाच्या खाली लाल रेघ मारली होती आणि लिहिलं होतं: "रात्रभर अभ्यास केला. येथे धरणाला आदर्श जागा आहे. दोन्ही बाजूंना खडक, अरुंद गळा, मागे प्रचंड साठा."

नानांची थट्टा करायची सोय नाही. १९६१ साली अमेरिकेच्या धरण खात्याचे आयुक्त फ्लॉइड डॉमिनी यांनी अंतर्गत व्यवहार मंत्री स्ट्युअर्ट युडाल यांना विमानात बसवून नेमकं हेच दाखवलं होतं. पाहा साहेब, पुढचं धरण इथे. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना तिथे धरण दिसेना, राष्ट्रीय उद्यान दिसायला लागलं. आर्चेसचे अधीक्षक बेट्स विल्सन वर्षानुवर्षं याच मुलखासाठी झटत होते. त्यांनी मंत्र्यांना जीपमधून फिरवलं, आणि १२ सप्टेंबर १९६४ ला अध्यक्ष जॉन्सन यांची सही होऊन कॅन्यनलँड्स झालं. जागेची पाहणी करायला आलेला मंत्री जागा बघून विरघळला, याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. डॉमिनींना खाली ग्लेन कॅन्यनचं धरण मिळालंच. त्याच्या जलाशयाला नाव पॉवेलचं दिलं.

हे सगळं मी टाइप करून ग्रुपवर टाकलं. नाना हरखले. साठ वर्षांनंतर अमेरिकेच्या आयुक्तांचा आणि सांगलीच्या उपअभियंत्याचा अभिप्राय जुळला होता. त्यांनी लिहिलं: "मोठी संधी घालवली. आणि इथे तर पुनर्वसनाचा प्रश्नच नव्हता. कोणी राहतच नाही."

अंगठे आले. एक नमस्कार आला. मग विहीणबाई 'टाइप करत आहेत' असं बराच वेळ दिसत राहिलं. आणि मेसेज आला: "नानासाहेब, माझ्या माहेरचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तिथेसुद्धा साहेबलोक असंच म्हणाले होते, वस्ती तुरळक आहे."

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. मावसभावाचं तेलसुद्धा आलं नाही. पाच मिनिटांनी नानांच्या लाल रेघेच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ आली. पुनर्वसनाचाही मेसेज गेला. सांगलीत पहाट व्हायला आली होती.

मग त्यांचाच नवा मेसेज: "विहीणबाई, वरणफळं उत्तम दिसतात. वहिनी, उद्या नीडल्सला जाताना पेट्रोल मोॲबमध्येच भरा, आणि पाणी दोन बाटल्या जास्त घ्या."